उतरलेला माणूस

त्रिवेणी पडली ती उजव्या हातावर, आणि पडल्यावर तिला आधी दिसला तो रस्त्याचा हिरवा रंग. इतक्या जवळून तो तिनं कधी पाहिला नव्हता. बरकतपुऱ्याहून कोठीकडे जाणारा हा सायकलींचा पट्टा मिळवण्यासाठी ती कित्येक वर्षं महापालिकेचे जिने चढली उतरली होती. नकाशे घेऊन, सह्या घेऊन, कधी कॉलेजातल्या मुलींना बरोबर घेऊन. आता तोच पट्टा तिच्या गालाला खरखरीत लागत होता आणि त्याला पानाच्या थुंकीचा वास येत होता. पुढे बस अडली म्हणून मागची एक मालाची तीनचाकी प्लास्टिकच्या खांबांमधून पट्ट्यात घुसली होती. कापडाचे गठ्ठे लादलेले, सुलतान बाजार उघडायच्या आत पोचायची घाई. गाडीचा कोपरा सायकलच्या हँडलला लागला, एवढंच. धक्का तसा मोठा नव्हता. रोज अशा कितीतरी गाड्या पट्ट्यात शिरत, घासून जात, आणि आजवर एकही थांबली नव्हती. ही थांबली. ड्रायव्हर उतरला. चाळिशीचा, काळासावळा, खाकी शर्टाच्या खिशात फोन कोंबलेला माणूस. तो धावत आला, वाकला, हात पुढे करून म्हणाला, "लगा क्या अम्मा? उठो, उठो." त्रिवेणीनं तो हात पाहिला. सायकलच्या कुलुपाची जाड साखळी दांडीवरून सुटून तिच्या डाव्या हाताशी येऊन पडली होती. तिनं ती उचलली आणि त्या वाकलेल्या तोंडावर हाणली.

आवाज झाला तो ओली फांदी मोडावी तसा. कुलुपाकडचं टोक त्याच्या जबड्यावर बसलं होतं. तो गुडघ्यांवर आला आणि दोघांची तोंडं समोरासमोर आली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. भर वर्गात, काही न केलेल्या पोराला थोबाडीत बसावी तसं. तिच्या खांद्यापासून बोटांपर्यंत काहीतरी गरम सुटत गेलं आणि खूप दिवसांची अडकलेली उचकी जावी तशी छाती मोकळी झाली. तिनं पुन्हा हात उचलला. पण माणसं धावत येताना दिसली आणि साखळी तिच्या हातातून सायकलीखाली गळून पडली. बसमधून दोघे उतरले होते, फुटपाथवरून कुणी आलं, मोटरसायकलवाले थांबले. त्यांना दिसत होती ती खाली पडलेली बाई, सोललेला तळहात, आडवी सायकल, आणि बाईसमोर गुडघ्यांवर बसलेला पुरुष. "लेडीज को गिराया रे," कुणीतरी म्हणालं, आणि तेवढं पुरलं. एकानं ड्रायव्हरला मागून कॉलरला धरून उठवलं, दुसऱ्यानं पोटात लाथ घातली. एका हेल्मेटवाल्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि तेच हाणायला सुरुवात केली. "आप उधर बैठो मॅडम. हम देखते इसकू," असं म्हणून एका सभ्य दिसणाऱ्या माणसानं तिला दंडाला धरून कडेच्या दगडावर बसवलं. हातात पाण्याची बाटली दिली. त्रिवेणी बसली.

नंतर तिला जे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं ते हे बसणं. साखळी मारली तो हात होता. हात आपल्याला विचारत नाही, असं म्हणता आलं असतं. पण बसली ती सगळी त्रिवेणी होती, राज्यशास्त्र शिकवणारी, सभांमध्ये 'रस्ता सगळ्यांचा आहे' असं हळू आवाजात सांगणारी. तिनं बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट प्यायली आणि पाहत राहिली. तो माणूस हिरव्या पट्ट्यावर पडला होता आणि त्याच्याभोवती पायांचं रिंगण होतं. चपला, बूट, एक लालसर सँडल. लाथ बसली की त्याचं अंग आक्रसायचं आणि पुढची येईतो सुटायचं. तिच्या तोंडात एकच शब्द येऊन बसला होता: अजून. तो तिनं उच्चारला नाही, पण दातांमध्ये धरून ठेवला. अजून एक. आता पायावर. डाव्या पायावर, गुडघ्याच्या खाली, तिथेच. ती चक्क जागा दाखवत होती मनातल्या मनात. आणि रिंगणातला कुणीतरी तिचं ऐकल्यासारखा त्याच्या नडगीवर टाच देऊन उभा राहिला.

गिरीशचा पाय तिथूनच गेला होता. तिचा नवरा गिरीश, दिवाणी कोर्टातला वकील, घरात तिसऱ्या पिढीचा वकील. पण रविवारी सकाळी काळा कोट खुंटीला आणि हा सायकलवर. कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची, येताना पिशवीभर घेऊन यायची, आणि ती कपाटात मावत नाहीत म्हणून त्रिवेणीची बोलणी खायची. त्या रविवारी सुलतान बाजारच्या वळणावर एका गाडीनं त्याला पाडलं, तिचं मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं, आणि ती गाडी थांबलीच नाही. बघणाऱ्यांना रंग तेवढा आठवत होता. पांढरा. पोलिसांनी तेवढंच लिहून घेतलं. या शहरात पांढऱ्या गाड्या किती आहेत हे त्रिवेणीला तेव्हा कळलं. दवाखान्याच्या खिडकीतून ती खाली बघायची आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या काचेमागे एकेक तोंड बसवायची. कधी टक्कल पडलेलं, कधी मिशीवालं, एकदा तर एका बाईचं. मग ते तोंड ती फोडायची. रोज, नियमानं. गुडघ्याखाली पाय कापला त्या दिवशी गिरीशच्या उशाशी बसून तिनं एका माणसाला त्याच्याच गाडीच्या दारात घालून दार आपटलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि तोंडानं ती गिरीशला म्हणत होती, "पाणी हवं का?"

तोवर तिला सायकल येतही नव्हती. गिरीश घरी आल्यावर ती कॉलेजच्या मैदानात शिकली. चाळिशी उलटलेली बाई, पदर खोचून, पडत, धडपडत. लोकांना ते फार हृद्य वाटलं. पेपरात फोटो आला: पतीच्या अपघातानंतर प्राध्यापिकेनं हाती घेतलं व्रत. मग सायकल मंच झाला, रितेशसारखी तरुण मुलं आली, फेऱ्या निघाल्या. त्रिवेणीचं बोलणं ऐकून अधिकारी खुर्चीत सावरून बसायचे. ती आवाज चढवत नसे. कुठल्या चौकात किती रुंदी आहे, कुठे गाड्या उभ्या करणं थांबवलं तर सायकलीला वाट निघते, शाळेतली मुलं कुठून ये-जा करतात, सगळं शांतपणे मांडायची. आणि हे सगळं खरं होतं. पट्टा हवाच होता. रस्त्यावर मरणारी माणसं खरी होती. फक्त गिरीश एकदा नकली पाय काढून ठेवता ठेवता म्हणाला होता, "त्रिवेणी, तू पट्टा मागत नाहीस. तू तो माणूस मागतेस." ती चिडली होती. "तुला काहीच वाटत नाही का?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वाटून काय करू?" आणि पुस्तक उघडलं. त्याची ती शांती तिला अंगावर पाल पडावी तशी वाटायची.

"आई गं," रिंगणातून आवाज आला. "आई गं, मेलो."

मराठीत. त्रिवेणी उभी राहिली. बाटली हातातून पडली. या गावात माणूस कुठल्याही भाषेत विव्हळला असता, तेलुगूत, दख्खनी उर्दूत. तसा तो विव्हळला असता तर आपण उठलो असतो का, हा प्रश्न तिला तेव्हाच पडला आणि त्याचं उत्तरही तिला माहीत होतं. ती घुसली. दोन्ही हात पसरून त्याच्यावर वाकली, ओरडली, "बस करो, छोडो उसकू, मर जाएगा." हेल्मेटचा एक फटका तिच्या पाठीत बसला. मग ते थांबले. थांबले तसे ओशाळलेही, एकेक करून पांगू लागले. तिनं त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा खालचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि रक्ताबरोबर दातांचे तुकडे बाहेर येत होते. तो तिच्याकडे पाहत होता. तिला ओळखून पाहत होता.

कुणाच्या तरी फोननं टिपलं ते एवढंच, हे शेवटचं: पसरलेले हात, पाठीत बसलेला फटका, मांडीवरचं डोकं. दुपारपर्यंत ते शहरभर फिरलं. रितेश संध्याकाळी घरी आला तो फोन पुढे करूनच. पंचविशीतला हा मुलगा नगररचना शिकलेला, मंचाचा सगळा भार त्याच्यावर. मराठी घरातच बोलायचा, वाचायला कंटाळायचा.

"मॅडम, हे बघा ना. लाखो लोकांनी पाहिलंय. 'जिसने गिराया, उसी को बचाया', असं लिहितायत सगळे. उद्याच्या मीटिंगमध्ये कमिशनर स्वतः येणार आहेत. कोठीच्या पुढचा पट्टा सँक्शन होणार बघा, पक्का. तुम्ही फक्त पाच मिनिटं बोलायचं."

"रितेश," ती म्हणाली, "त्याचा जबडा मी फोडला."

तो हसला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. तो उतरला, त्यानं हात दिला, तिनं साखळी घेतली. फार वेळ लागला नाही सांगायला. गिरीश कोपऱ्यातल्या खुर्चीत होता. त्यानं पुस्तकातून मान वर केली नाही, पण पानही उलटलं नाही.

रितेश बराच वेळ फोन उलटासुलटा करत राहिला. "कुणी पाहिलं?"

"त्यानं."

"त्याला तर बोलता येत नाहीये आत्ता." हे बोलून गेल्यावर त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं. त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "मॅडम, मी वाईट माणूस नाहीये. पण थिंक करा जरा. तुम्ही हे बोललात ना, तर पट्टा गेला. पुढचा तर गेलाच, हा आहे तोही उखडतील. दुकानवाले टपूनच बसलेत. सायकलवाले गुंडे आहेत म्हणतील. मग उद्या त्या रोडवर कोणी मेलं तर? ते पण काउंट करा ना."

त्याचं चूक नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. तो गेल्यावर त्रिवेणी स्वयंपाकघरात उभी राहिली, भाजी चिरायला घेतली, आणि सुरीचा दांडा मुठीत बसताच पुन्हा तो आवाज तिच्या हातात आला. कानात नव्हे, हातात, मनगटातून कोपरापर्यंत. तिनं सुरी ठेवली. तिला वाटलं होतं, शिसारी येईल. आली नाही. तिच्या आत कुणीतरी जेवून तृप्त होऊन बसलं होतं, आणि त्याला उठवून हाकलायचं कसं, ते तिला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या आधी ती सरकारी दवाखान्यात गेली. माणसाचं नाव अंबाजी आहे, देगलूरकडचा आहे, हे तिला पोलिसांकडून कळलं होतं. वॉर्डात फिनेलचा आणि उकडलेल्या अंड्यांचा वास. अंबाजीच्या जबड्याला तारा बांधल्या होत्या, एक डोळा सुजून मिटला होता, पाय फळ्यांमध्ये बांधला होता. डावा. उशाशी त्याची बायको स्टीलच्या वाटीत पेज गार करत बसली होती. त्रिवेणीला पाहताच ती उठली. तिनंही तो व्हिडिओ पाहिला होता. पाहिला नव्हता असं कोण होतं.

"बाई, तुमीच ना त्या?" तिनं वाटी ठेवली, त्रिवेणीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कपाळाला लावले. "मी भामा. बाई, तुमी नसता तर मी आज कुंकू पुसलं असतं बगा. परक्या मुलकात कोण कुणासाठी मधी पडतं? आवं, बगा, कोण आलंय. वाचवलंय तुमाला ह्या बाईनं."

अंबाजीनं पाहिलं. एकच उघडा डोळा, आणि तो तिच्यावरून हलला नाही. त्याच्या घशातून आवाज आला, तारांच्या मागे अडकला.

"बोलू नगा," भामा म्हणाली. "डाक्टरनं सांगितलंय न्हवं. त्यांना बी आभार मानायचे आहेत, बाई."

भामाचे हात खरखरीत होते आणि पेजेनं उबदार झालेले. ते त्रिवेणीचा तळहात सोलला होता तिथेच दाबत होते. एवढंच करायचं होतं, हे हात असेच धरू द्यायचे, चार शब्द बोलायचे, फळांची पिशवी ठेवायची आणि निघायचं. त्या माणसानं पुढेमागे काही सांगितलं तरी कोण ऐकणार होतं? मार खाऊन भ्रमला म्हणतील. त्याला हे कळत होतं. त्याच्या डोळ्यातच ते दिसत होतं. तो तिच्याकडून काही मागत नव्हता, नुसतं पाहत होता, ही बाई आता काय करते ते.

"भामा," ती म्हणाली, "यांचा जबडा मी मोडला. लोक नंतर आले. पहिलं मी मारलं. साखळीनं."

भामानं हात सोडले नाहीत. आधी ऐकू आलंच नाही अशी ती उभी राहिली. मग मान वळवून तिनं नवऱ्याला विचारलं, "खरं हाय?" अंबाजीनं डोळा मिटला आणि उघडला.

"तुमी काय केलतं हिला?"

त्यानं हात उचलला, पुढे केला. पंजा उघडा, वर वळवलेला. पडलेल्याला द्यावा तसा.

भामानं तेव्हा हात सोडले. त्रिवेणीला वाटलं, आता ती मारेल; तिनं चेहरा पुढेही केला असेल, कुणास ठाऊक. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक माना वळवून बघत होते. पण भामा खाटेच्या कडेवर बसली आणि बोलली ती नवऱ्याशी, हळू, रागावलेल्या आईनं पोराला बोलावं तशी.

"कामून उतरले तुमी? धक्का लागला, लागला. निगून जायचं हुतं. सगळे जातेत. तुमीच कामून उतरले?" मग ती त्रिवेणीकडे वळली. "आता न्हाई उतरणार हे. पुन्यांदा कुणाला लागलं, कुणी मेलं रस्त्यात, तरी म्यां उतरू देणार न्हाई यांना. शपथ घालून ठेवणार. जावा तुमी."

त्रिवेणी वॉर्डाबाहेर आली. जिन्यात ती पायरीवर बसली. त्या पांढऱ्या गाडीतला माणूस तिनं इतक्या वर्षांत कितीदा मारला होता, पण तो का उतरला नाही हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यालाही कधीतरी कुणी शपथ घातली असेल. आधी कधीतरी तो उतरलाही असेल, आणि एखाद्या त्रिवेणीनं त्याला शिकवलं असेल. असेल किंवा नसेल. तो नुसताच भेकड, दारू प्यायलेला, हरामखोर असेल. तिला त्याची दया येत नव्हती. पण त्याचं तोंड आता तिला बसवता येईना. बसवायला गेली की तिथे तारा बांधलेला जबडा यायचा आणि उघडा पंजा.

मीटिंगला ती गेली नाही. पोलीस ठाण्यात गेली. तिथला सब-इन्स्पेक्टर तिला ओळखून खुर्ची देऊ लागला, चहा मागवू लागला. तिचं बोलणं त्यानं अर्धं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, कायकू लफडे में पडते? गरीब आदमी है, हम सुलह करा देते. वो भी कुछ नहीं बोला अबतक."

"वो बोल नहीं सकता. इसलिए मैं बोल रही हूँ. लिखो."

"नौकरी पे आएगा आपके."

"लिखो."

त्यानं लिहिलं. तिनं वाचलं, सही केली. मधल्या वेळात रितेशचे फोन येत राहिले, मग बंद झाले. रात्र पडायच्या आत बातमी फुटली. ज्या लोकांनी तिला देवी केलं होतं त्यांनीच तिला काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. कॉलेजनं तिला घरी बसवलं. मंचानं पत्रक काढून तिच्याशी संबंध तोडला. रितेशनं ते इंग्रजीत लिहिलं आणि तिला आधी वाचायला पाठवलं, तेवढी माणुसकी त्यानं ठेवली. कोठीच्या पुढचा पट्टा बारगळला. आठवडाभरानं महापालिकेची माणसं येऊन आहे त्या पट्ट्याचे खांब उपटून घेऊन गेली आणि त्याच दुपारी तिथे दुकानदारांच्या गाड्या लागल्या. त्रिवेणीनं ते जाऊन पाहिलं. एक म्हातारा सायकलवाला त्या गाड्यांना वळसा घालून बसच्या पुढ्यात जात होता, मागे हॉर्न वाजत होता. तो पलीकडे पोचेपर्यंत ती उभी राहिली.

घरी आली तेव्हा गिरीश खिडकीशी बसला होता. इतके दिवस तो या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता. वकील म्हणून जे करायचं ते त्यानं केलं, जामिनाचं पाहिलं, अंबाजीच्या औषधपाण्याचं पाहिलं, तिच्याबरोबर ठाण्यात जाऊन बसला. आता त्यानं पुस्तक मिटलं.

"खांब काढले?"

"हो."

"हं." मग बाहेर बघतच तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"मारलंस तेव्हा," तो म्हणाला आणि थांबला, आणि मग खुर्ची ओढत तिच्याजवळ आला. इतक्या जवळ तो किती दिवसांत आला नव्हता. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. "मारलंस तेव्हा कसं वाटलं?"

त्रिवेणीनं त्याच्याकडे पाहिलं. पायाच्या जागी फडकं गुंडाळून तो घरी आला तो दिवस, नंतरची ती सगळी वर्षं, उलटलेली पुस्तकांची पानं, ते 'वाटून काय करू'. त्या सगळ्यामागे हा बसला होता, हा तहानलेला माणूस, तोंड मिटून.

"तो मला उठवायला आला होता, गिरीश."

"ते माहीत आहे. ते नाही विचारलं मी." त्यानं तिचा डावा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला, बोटं एकेक चाचपली, जणू तिथे अजून काही शिल्लक असेल. "सांग ना. एकदाच. मग पुन्हा नाही विचारणार."

तिला वाटलं, खोटं बोलावं. शिसारी आली म्हणावं. पण ठाण्यात, दवाखान्यात सगळीकडे खरं बोलून झालं होतं, आणि हा तर तिचा नवरा होता.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "खूप बरं वाटलं."

गिरीशनं डोळे मिटले. त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला आणि तो रडू लागला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, तिच्या हातात चेहरा खुपसून. आणि रडता रडता त्यानं त्या हाताला दात लावले, आधी हळू, मग जोरात. तिनं हात काढून घेतला नाही.